मॅडम, हात मागे

मानवजातीचा आजवरचा सगळा इतिहास म्हणजे योग्य माणूस योग्य जागी बसवण्याची धडपड आहे. साम्राज्यं यावर उभी राहिली आणि यावरच कोसळली. हा थोर विचार मला सुचला तेव्हा मी बाथरूममधल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभा राहून माळ्यावरची सूटकेस ओढत होतो. स्टूल बसायचं होतं, मी उभा होतो. इतिहासाने आपलं काम चोख केलं आणि माझ्या मांडीचं हाड मोडलं.

"मी सांगितलं होतं ना, ते बसायचं स्टूल आहे!" बायको म्हणाली. मोडलेलं हाड जागेवर आणता येतं. 'मी सांगितलं होतं ना' हे मात्र कुठल्याच शस्त्रक्रियेने निघत नाही.

मला हाडांच्या वॉर्डात नेऊन पाय वजनाला टांगला. त्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. वॉर्डात तिला 'मॅडम' म्हणतात, घरी आम्ही 'फौजदार' म्हणतो. इस्पितळात ओळखीचं माणूस असलं की बरं पडतं असं म्हणणाऱ्यांची बहीण इन्चार्ज नसते. बाकीच्यांना ती मायेने विचारायची, "जेवलात का आजोबा?" माझ्याकडे आली की आवाज बदलायचा. "दादा, नाटकं नकोत. गिळ ते."

शेजारच्या कॉटवर खुबा मोडलेले एक निवृत्त बस-कंडक्टर होते. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला जागेवर बसू दिलं नव्हतं, आणि आता त्यांनाच कुणी उठू देत नव्हतं. आमची गट्टी जमायला वेळ लागला नाही.

त्या वॉर्डची गंमत माझ्या लवकरच लक्षात आली. तिथे रुग्ण टिकत होते, सिस्टर टिकत नव्हत्या. सकाळी एखादी नवी सिस्टर यायची, नाव विचारायची, सुई टोचायची. मी तिचं नाव पाठ करेपर्यंत तिचा निरोपसमारंभ व्हायचा. निरोपाचा गुच्छ प्लॅस्टिकच्या फुलांचा होता. निघणारी तो हातात धरून फोटो काढायची आणि टेबलावर परत ठेवून जायची. पुढचीला लागणार होताच.

एकदा एका नव्या सिस्टरने मला विचारलं, "काका, इथे कापूस कुठे ठेवतात हो?"

"डावीकडचं कपाट, खालचा कप्पा. दार आधी वर उचला, मग ओढा. नाहीतर हातात येतं."

"तुम्ही कधीपासून आहात इथे?"

"आठवडा झाला."

"बापरे," ती आदराने म्हणाली, "सीनियर आहात!"

कंडक्टर उशीवरून मान वळवून म्हणाले, "शेजारी, हा स्टॉप बघून ठेवा. चढतात कमी, उतरतात जास्त. आणि उतरणारा कुणी घंटीसुद्धा मारत नाही."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण कंडक्टरांना चक्कर यायची. त्यांना बसतं करायचं तर आधी पाय कॉटखाली सोडून थोडा वेळ थांबावं लागे. एकदम बसवलं की डोळे फिरत. ही गोष्ट कागदावर लिहिलेली होती, आणि कागद जिथे असतात तिथे होता. प्रत्येक नव्या सिस्टरला ती कळायची ती चक्कर आल्यानंतर. ती लक्षात ठेवायची, शहाणी व्हायची आणि नोकरी सोडायची. मग पुढची सिस्टर, पुढची चक्कर. "मी या पोरींचा अभ्यासक्रम आहे," कंडक्टर म्हणायचे.

माणसं निवडण्याचं काम वरच्या मजल्यावरच्या एका साहेबांकडे होतं. ते उन्हाळ्यातही टाय बांधायचे, म्हणून त्यांना सगळे टायवाले म्हणत. माणूस सज्जन होता, सरळ होता. थंडगार खोलीत उमेदवाराला बसवून ते आधी सांगायचे, "आम्ही इथे एक परिवार आहोत." मग विचारायचे, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" सगळ्या मुली म्हणायच्या, "इथेच, सर." टायवाले ते भाबडेपणाने खरं धरायचे. साहजिकच जी सगळ्यात सफाईदारपणे खोटं बोलेल तिची निवड व्हायची. आणि इतकं सफाईदार बोलणाऱ्या मुलीला दुसरीकडे नोकरी मिळायला कितीसा वेळ लागणार?

"परिवार परिवार म्हणतात," बहीण माझ्या नाडीवर बोट ठेवून पुटपुटायची, "आणि पोरी वेगळं बिऱ्हाड करतात."

एका सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. हे इस्पितळाचे मालक. हाडं बसवण्यात त्यांचा हात धरणारा नाही. मोडलेल्या हाडाकडे ते रागावून बघायचे आणि हाड मुकाट्याने जुळायचं. माझा पाय टांगलेला बघून ते म्हणाले, "उत्तम!" मला ते कौतुक वाटलं, पण ते दोरीचं होतं. मग बहिणीकडे वळले.

"मॅडम, या महिन्यात पुन्हा गळती."

"हो सर."

"वरच्या मजल्यावरून म्हणतात, माणसं चांगली देतो, तुमच्या वॉर्डात आली की नासतात."

"दूध आहे का सर, नासायला?"

"हे बघा, वर्षअखेरपर्यंत थांबतो. नाहीच जमलं तर हा वॉर्ड ठेकेदार कंपनीकडे. त्यांच्या सिस्टर, त्यांचीच इन्चार्ज. रोज नवीन चेहरा आला तरी डोकेदुखी त्यांची. तुम्हाला सन्मानाने वर ऑफिसात घेऊ. स्वतंत्र खुर्ची."

माझी बहीण खुर्चीवर बसलेली मी एकदाच पाहिली आहे, तिच्या लग्नात. तिथेही पाहुण्यांना पाणी मिळालं का बघायला ती मध्येच उठली होती. हा वॉर्ड तिने नळापासून भिंतींच्या रंगापर्यंत स्वतः उभा केला होता. तो तिच्या हातून काढून तिला खुर्ची देणं म्हणजे पोहणाऱ्याला टॉवेल देऊन घरी पाठवण्यासारखं होतं.

"मग सर, या वेळी माणसं मी निवडते," ती म्हणाली. "माझ्या पद्धतीने."

"कोणती पद्धत?"

"कळेलच तुम्हाला," ती म्हणाली, आणि औषधांची ट्रॉली ढकलत निघून गेली. लहानपणापासून ओळखतो मी तिला. याचा अर्थ पद्धत अजून सापडलेली नव्हती.

दुपारी ती माझ्या कॉटशी आली. बसली नाहीच, पण कठड्याला टेकली.

"दादा, मी सासरी कशी टिकले सांग."

"नवरा गरीब स्वभावाचा म्हणून."

"चल! लग्न ठरायच्या आधी सासूबाई एकट्याच आपल्याकडे आल्या होत्या, आठवतं?"

आठवत होतं. विसरण्यासारखं नव्हतंच ते. बाईंनी पाण्याचा पेला हातात घेतला आणि बोलायला सुरुवात केली होती. 'माझा मुलगा घोरतो. घर वरच्या मजल्यावर आहे आणि पाणी खालून आणावं लागतं. मी तोंडाने फटकळ आहे, पण मनात ठेवत नाही. सासरे जेवणाला नावं ठेवतात, आणि जेवतात मात्र पोटभर. हे चालत असेल तर पुढचं बोलू.' त्या गेल्यावर आई म्हणाली, "बाई वेडी आहे का काय!" वडील म्हणाले, "वेडी असेल, व्यापारी नाही. पोरगी द्या."

"मला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं," बहीण म्हणाली. "पाणी भरताना रडू आलं, पण फसवलं असं कधी वाटलं नाही. उलट सासरे जेवणाला नावं ठेवायला लागले की मला हसूच यायचं. म्हटलं, आले, सांगितल्याप्रमाणे आले! आणि इथे आपण काय करतो? थंड खोलीत बसवून सूर्योदयाचं चित्र दाखवतो. पोरगी खाली येते तर कपाटाचं दार हातात."

"मग?"

"मग वाईट ते आधी सांगायचं. थंड खोलीत नाही, इथे. आणि कामाला लावून."

टायवाल्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी टाय सैल केला. त्यांच्या बाबतीत ही फार मोठी घटना होती. "मॅडम, आपण माणसं बोलावतोय की पळवतोय?"

"पळणारी आज पळू देत ना साहेब. गणवेश शिवायचा खर्च तरी वाचेल."

उमेदवार आले. तीन मुली आणि दाराला डोकं आपटू नये म्हणून वाकून आलेला एक उंच ब्रदर. बहिणीने त्यांना वॉर्डभर फिरवलं. घर दाखवणारे लोक जशी बाल्कनी दाखवतात तशी ती एकेक खोड दाखवत होती.

"ही लिफ्ट. चालते. कधी ते तिचं तिलाच माहीत. हे कपाट, दार उचलून ओढायचं. ही धुण्याची खोली, इथे वास येतो. दोन महिन्यांनी बंद होतो. वास नाही, आपल्याला येणं. हाडं मोडलेली असतात तेव्हा माणूस गोड बोलत नाही, शिव्या देतो. पाठीला जपा, उचलायला दोघी लागतात, एकटीने उचलाल तर इथेच भरती व्हाल. मोठे डॉक्टर राउंडची वेळ सांगतात त्यापेक्षा बरेच उशिरा येतात, आणि ते येईपर्यंत कुणी जेवायला जात नाही."

टायवाल्यांनी भिंतीचा आधार घेतला.

"आणि हा," माझ्या कॉटशी थांबून ती म्हणाली, "माझा सख्खा भाऊ. नमुना म्हणून बघून घ्या. सगळं समजतं असं दाखवतो, समजत काही नाही. पाणी हवं असलं की जगाच्या इतिहासावर बोलायला लागतो. तेव्हा पाणी द्यायचं."

"नमस्कार," मी म्हणालो.

"मी दुसरा नमुना," कंडक्टरांनी हात वर केला. "सुट्टे नसले तर बोलू नका."

मग तिने त्यांना सकाळभर कामाला लावलं. स्पंज, बेडपॅन, ड्रेसिंगची तयारी, सगळं. एक मुलगी दुपारच्या आधीच पर्स घेऊन निघाली. जाताना प्रामाणिकपणे म्हणाली, "मॅडम, मला नाही जमणार." बहिणीने तिचा हात हातात घेऊन मनापासून आभार मानले. "बरं झालं बाई, आज गेलीस. सुखी राहा." एवढ्या आनंदाने दिलेला निरोप त्या वॉर्डने आजवर पाहिला नव्हता, आणि त्याला प्लॅस्टिकची फुलंही लागली नाहीत.

इथपर्यंत सगळं झकास चाललं होतं. मग बहिणीला जरा चढलं. यशाचं असंच असतं. ती उरलेल्या उमेदवारांना घेऊन वॉर्डच्या मध्यभागी उभी राहिली आणि बारकी सिस्टरला हाक मारली. काडीसारखी ही पोरगी त्या वॉर्डात टिकून राहिलेली एकमेव सिस्टर होती. गळतीतला न गळलेला थेंब.

"बारके, काही सांगायचं राहिलं का गं?"

"नाही मॅडम."

"बिनधास्त सांग. इथे आज खरं बोलायचंय. तू इतकी टिकलीस, तुला माहीत असणार पोरी का जातात ते."

बारकी सिस्टरने खिशातलं थर्मामीटर काढलं, बघितलं, परत ठेवलं. "सांगू?"

"सांग ना!"

"चादर, मॅडम."

"चादरीचं काय?"

"आम्ही चादर घालतो. मग तुम्ही येता, ती काढता आणि पुन्हा घालता. पेशंटच्या समोर. रोज. प्रत्येक कॉटवर." एकदा बोळा निघाला, आता धार थांबेना. "ड्रेसिंगचा ट्रे आम्ही लावला की तुम्ही पुन्हा लावता. बँडेजचं टोक पुन्हा चिकटवता. बोलत काहीच नाही. ओरडलात तर बरं वाटेल एक वेळ. पोरी म्हणतात, आपलं शिक्षण पुसून काढल्यासारखं होतं. वास, लिफ्ट, डॉक्टर यांच्यामुळे नाही कुणी गेलं मॅडम. चादरीमुळे गेल्या."

दोन कॉट पलीकडे एकजण कण्हत होता, त्यानेही कण्हणं आवरतं घेतलं.

"मग तू कशी टिकलीस?" बहिणीने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"मी चादर घालतच नाही, मॅडम. तुम्ही घालताच ना."

कंडक्टरांना ठसका लागला. मला पोटातून हसू येत होतं, पण पाय टांगलेला असताना हसलं की वजन हलतं आणि हाड आठवण करून देतं. मी छताकडे बघितलं. छतावर पंखा होता, तो फिरत होता, आणि माझी सगळी सहानुभूती त्याच्या बाजूने होती. ज्या पोरीने ही गोष्ट आपल्या साहेबिणीच्या तोंडावर, परक्यांसमोर सांगितली तिच्या धैर्याला मी मनात सलाम केला. आणि जिने ती विचारली तिच्याकडे बघायचं मला धाडस होईना.

बहीण म्हणाली, "बरं." उमेदवारांना म्हणाली, "उद्या या." आणि औषधांच्या खोलीत गेली.

संध्याकाळी भेटीची वेळ संपल्यावर ती आली. या वेळी बसली. स्टूल ओढून, नीट. मला भीतीच वाटली.

"दादा, खरं आहे का रे?"

"काय?"

"वेड पांघरू नकोस. चादर."

त्याच सकाळी एका नव्या सिस्टरने माझी चादर घातली होती, आणि फौजदारांनी मला आत ठेवूनच ती पुन्हा घातली होती. मला पार्सलसारखं वळवून, कोपरा मुडपून, गादीखाली खोचून. कोपरा इतका सुंदर होता की त्यावर पट्टी ठेवून रेघ मारावी.

"कोपरे छान येतात तुझे," मी म्हणालो.

"म्हणजे खरं आहे."

तिने फोन काढला आणि सोडून गेलेल्या एका सिस्टरला लावला. गालावर खळी पडायची म्हणून तिला सगळे खळीवाली म्हणत. ती आता शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कमी पगारावर काम करत होती.

"कोण, मॅडम? अय्या! तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मी बरी आहे. एक विचारते, खरं सांग. तू का गेलीस गं?"

"घरापासून लांब पडत होतं मॅडम."

"आता तर तू दुप्पट लांब जातेस."

पलीकडून हळूच, "मॅडम, रागावणार नाही ना?"

"चादर का?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?" खळीवालीचा आवाज एकदम मोकळा झाला. "मॅडम, मी जे शिकले ते तुमच्याकडेच. इथे सगळे विचारतात, कोपरे कुठे शिकलीस. पण तिथे असताना मला वाटायचं, मला काही येतच नाही."

फोन ठेवल्यावर बहीण बराच वेळ हातांकडे बघत बसली. त्या हातांनी तिने किती माणसं कुशीवर वळवली असतील, किती बाळंतिणींना, म्हाताऱ्यांना आधार दिला असेल! मी काहीतरी बोलणं भाग होतं. थोरला भाऊ म्हणून ते माझं कर्तव्य होतं.

"हे बघ, जगाच्या इतिहासात..."

तिने मला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी उमेदवार आले तेव्हा मला वाटलं होतं, ती हा विषय टाळेल. मी असतो तर टाळला असता. मी असतो तर नवीन नियम काढला असता, समिती नेमली असती, वेळप्रसंगी बारकीची बदली केली असती. माझ्या माहितीतल्या बहुतेक थोर माणसांनी असंच केलं असतं. फौजदारांनी उमेदवारांना वॉर्डच्या बरोबर मध्यभागी, कालच्याच जागी उभं केलं.

"काल एक वाईट सांगायचं राहिलं होतं. ते मी. तुम्ही घातलेली चादर मी पुन्हा घालते. विश्वास नाही म्हणून नव्हे, हात स्वस्थ राहत नाहीत म्हणून. सवय जुनी आहे, लगेच जाणार नाही. पण या सवयीने माझ्या चांगल्या चांगल्या पोरी घालवल्या, हे मला कालच कळलं. चालत असेल तर पुढचं बोलू."

तिने आपल्या सासूचे शब्द जसेच्या तसे वापरले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते औषधांवर ढकललं.

एका उमेदवार मुलीला जाड चष्मा होता. तिने तो नाकावर वर सरकवला आणि विचारलं, "आणि पुन्हा घातलीत तर आम्ही काय करायचं?"

टायवाल्यांनी डोळे मिटले. त्यांच्या थंड खोलीत उमेदवार कधी प्रश्न विचारत नसत.

बहिणीने विचार केला. "म्हणायचं, मॅडम, हात मागे."

"पेशंटसमोर?"

"मी पेशंटसमोरच घालते ना?"

चष्मेवालीने मान डोलावली. "मग माझं पण एक वाईट सांगते. सकाळचा चहा होईपर्यंत मी बोलत नाही. काम करते, बोलत नाही. आधीच्या ठिकाणी त्याला उद्धटपणा म्हणायचे."

"मी पेशंटना उचलतो छान," उंच ब्रदर म्हणाला, "पण मला रक्त काढताना घाम फुटतो. शिकेन."

दुसरी मुलगी म्हणाली, तिला फार लवकर रडू येतं, पण रडता रडता तिचे हात चालतात. कंडक्टर माझ्याकडे झुकून कुजबुजले, "शेजारी, आमच्या बसमध्ये लोक असे खरं बोलले असते तर तपासनीस लागला नसता."

तिघंही राहिली. त्यांना कुणासोबत काम जमतं हे बारकीने बघायचं आणि पहिले काही आठवडे एकेकाला सांभाळायचं, असं ठरलं. बारकीने स्वतः चादर घालायला शिकायचं असंही ठरलं. तिने ते मोठ्या नाइलाजाने मान्य केलं.

मी घरी जाईपर्यंतचे दिवस पाहण्यासारखे होते. फौजदार कॉटजवळ आल्या की त्यांचा उजवा हात आपोआप चादरीच्या कोपऱ्याकडे जायचा. लगेच कुठूनतरी आवाज यायचा, "मॅडम, हात मागे!" आणि त्या हात पाठीमागे बांधून परेडची पाहणी करणाऱ्या सेनापतीसारख्या पुढे जायच्या. सुरुवातीला कपाळावर आठ्या असायच्या. पुढे रुग्णही ओरडायला लागले. कंडक्टर तर त्यांच्या कॉटजवळ ती नुसती उभी राहिली तरी ओरडायचे. एकदा मीच पाहिलं, चष्मेवालीने घातलेला कोपरा सैल होता, साफ सैल. बहिणीने तो पाहिला, गिळला, आणि म्हणाली, "उद्या मी शिकवते, चहानंतर." दुसऱ्या दिवशी चहानंतर तिने शिकवलं, आणि चष्मेवालीने स्वतः घातला. तो कोपरा बघून बहिणीचा चेहरा जसा झाला तसा माझ्या लग्नातही झाला नव्हता.

वर्ष सरत आलं. मी काठी टेकत तपासणीला गेलो तेव्हा वॉर्डात डोकावलो. प्लॅस्टिकच्या गुच्छावर धूळ साचली होती. इतकं सुंदर दृश्य मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. कुणीच गेलं नव्हतं. उलट खळीवाली परत आली होती, आणि आपल्या नव्या ठिकाणची एक मैत्रीणही घेऊन आली होती. आणि खिडकीजवळच्या कॉटवर कंडक्टर होते!

"अहो, तुम्ही अजून इथेच?"

"छे! तो डावा खुबा होता. हे परतीचं तिकीट, उजवा."

चष्मेवाली त्यांना बसतं करायला आली. काही न विचारता तिने त्यांचे पाय कॉटखाली सोडले, खांद्याला हात लावून थांबली, त्यांच्या चेहऱ्याचा रंग बघितला आणि मग बसवलं. चक्कर आली नाही. आजोबांचं बोलणंसुद्धा थांबलं नाही. इस्पितळात माणसं टिकतात म्हणजे नेमकं काय होतं, हे मला त्या एका थांबण्यात कळलं. असलं थांबणं कागदावरून येत नाही, ओळखीतून येतं.

एवढ्यात मोठे डॉक्टर आले, सगळा लवाजमा घेऊन, अर्थात उशिरा. त्यांच्या मागे टायवाले होते. टाय नव्हता.

"मॅडम," डॉक्टरांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली, "ठेकेदार कंपनीला मी काल नकार कळवला. हा वॉर्ड तुमचा. तुमचाच राहणार."

बहिणीने मान हलवली. पाठीमागे बांधलेले तिचे हात एकमेकांत घट्ट आवळले गेले. ते फक्त मला आणि कंडक्टरांना दिसलं.

"आता हीच पद्धत सगळ्या इस्पितळात आणायची," डॉक्टर पुढे म्हणाले. "प्रत्येक वॉर्डात, प्रत्येक विभागात!"

"मग सर, तुम्हालाही उमेदवारांसमोर उभं राहावं लागेल," बहीण म्हणाली. "आपलं काय वाईट ते सांगायला."

"अवश्य!" डॉक्टर रंगात आले. लवाजम्याकडे वळून, कंडक्टरांच्या कॉटच्या दिशेने एक पाऊल मागे टाकून, त्यांनी दोन्ही हात पसरले. "सत्य हाच संस्थेचा पाया आहे. ज्या संस्थेत सर्वांत धाकटा सेवक सर्वांत मोठ्याला निर्भयपणे त्याचा दोष सांगू शकतो, ती संस्था कधी कोसळत नाही! मीही माणूस आहे. माझ्यातही उणिवा असतील. सांगा! आज, आत्ता, कुणीही, निःसंकोच सांगा!"

टायवाले पंख्याकडे बघायला लागले. उंच ब्रदरला रक्त न काढताच घाम फुटला. चष्मेवालीने चष्मा वर सरकवला. चहा झालेला दिसत होता.

"सर, बाकीचं सावकाश सांगू," ती म्हणाली. "आत्ता जरा डावा पाय उचलता का? तुम्ही आजोबांच्या लघवीच्या नळीवर उभे आहात."